सासूबाईंची कडी

माझ्या सासूबाई पडदे शिवतात. घरच्या खिडक्यांचे लहानसहान पडदे नव्हेत. नाट्यगृहांचे, सभागृहांचे, मोठ्या हॉटेलांचे, जमिनीवर लोळणारे जाड मखमली पडदे. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एका दुकानाच्या माडीवर त्यांचं मशीन आहे आणि अख्खी गल्ली त्यांना पडदेवाल्या बाई म्हणूनच ओळखते. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या मखमलीचा तागा खांद्यावर टाकून जिना चढायच्या आणि वर पोचल्या पोचल्या मालकाशी रंगावरून भांडायच्या. मला त्यांची भारी धास्ती वाटायची. पुढे त्यांची वाटण्याऐवजी त्यांच्यासाठी वाटायला लागली, आणि पहिली धास्ती परवडली असं म्हणायची पाळी आली.

तशी भीती हा माझ्या पोटापाण्याचाच उद्योग आहे. मी विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासते. जिन्यावरून पडले, ओल्या फरशीवरून घसरले, स्टुलावरून तोल गेला, हे दिवसभर खुर्चीत बसून वाचायचं आणि संध्याकाळी तसंच घरी यायचं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठचा तर ऑफिसातून माझ्याबरोबर घरी येतो, चपला काढतो आणि सोफ्यावर माझ्या शेजारी बसतो. त्या सोफ्यावरून उठताना मी हमखास ‘आई गं’ म्हणते आणि सासूबाई आतून विचारतात, हाक मारलीस का.

घरात खरी भीती शिरली ती थोरल्या मावशींमुळे. या सासूबाईंच्या सख्ख्या मोठ्या बहीण, दोन गल्ल्या सोडून एकट्या राहायच्या. एके दिवशी सकाळी त्या अंघोळीला गेल्या, आतून कडी लावली आणि पाय घसरून खाली बसल्या. दुधाची पिशवी दाराबाहेर तशीच पडलेली शेजारणीला संध्याकाळी दिसली. तिने आम्हाला फोन केला, माझा नवरा सुताराला घेऊन धावला, दोन्ही दारं फोडली. मावशी ओल्या फरशीवर पडून होत्या, पूर्ण शुद्धीवर. दवाखान्यात सगळे फोटो काढले. एकही हाड मोडलेलं नव्हतं. त्यांना फक्त उठता आलं नव्हतं. दिवसभर भिंतीला धरून उठायची खटपट करताना त्यांची नखं तेवढी तुटली होती.

त्या गारठ्याने त्यांच्या छातीत कफ साठला आणि पंधरवड्यात त्या गेल्या. जाण्याआधी सासूबाईंचा हात धरून त्या जे म्हणाल्या ते मी ऐकलं आहे. “पडले म्हणून नाही गं घाबरले मी. पाय आपले आहेत असं वाटेचना, म्हणून घाबरले.” सासूबाईंनी ते ऐकलं आणि आपले पाय साडीखाली ओढून घेतले.

आता एवढ्या सरळ वाक्यातून आमच्या घराने काय बोध घ्यावा? तर मावशी कडीमुळे गेल्या. कडी नसती तर कुणीतरी आत जाऊ शकलं असतं, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. एकटीच्या घरात कोण आत जाणार होतं, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. त्याने स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि घरातल्या एकूण एक कड्या काढल्या. बाथरूमची काढली, सासूबाईंच्या खोलीची काढली, आमच्या झोपायच्या खोलीचीसुद्धा, म्हणजे पाहा. बाहेरचं दार तेवढं चोरांच्या धाकाने वाचलं.

मग नियम आले. आईंनी काही उचलायचं नाही. भाजीची पिशवी नाही, पाण्याने भरलेलं पातेलं नाही. स्टूल माळ्यावर गेलं. नवऱ्याने दुकानात जाऊन मालकाकडून वचन घेतलं की बाई फक्त मशीनवर बसतील, ताग्याला हात लावणार नाहीत. आणि बाथरूमच्या दाराबाहेर एक खुर्ची आली. सासूबाई अंघोळीला गेल्या की त्या खुर्चीवर मी बसायचं आणि त्यांनी आत सतत बोलत राहायचं. आवाज थांबला की मी हाक मारायची, ओ आली नाही की आत शिरायचं. बोलायचं तरी काय? कधी त्या पडद्यांची मापं सांगायच्या, कधी मालकाला नावं ठेवायच्या, आणि विषय संपले की माझ्याच कागाळ्या मला ऐकवायच्या. मी बाहेरून “बोलत राहा, आई” म्हणायची. हसू यायचं, पण शॉवरचा आवाज जरा बदलला तरी मी खुर्चीवरून अर्धी उठायची.

आम्ही असे त्यांना जपत होतो आणि त्या आमच्या डोळ्यांदेखत झिजत होत्या. वर्ष-दीड वर्षात ताग्यासकट जिना चढणारी बाई कठडा धरून, पायरीगणिक थांबून चढायला लागली. खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकायला लागली. बरणीचं झाकण माझ्याकडे आणून द्यायची. प्रत्येक वेळी आम्ही म्हणायचो, बघा, वय झालं, आता अजून जपायला हवं. आणि अजून जपायचो.

त्यांचा घसा बसला त्या दिवशी सगळं फाटलं. आवाजच फुटत नव्हता, म्हणून त्यांनी अधूनमधून टाळी वाजवायची असं ठरलं. डोक्याला साबण लावताना टाळी राहिली. मी हाक मारली, उत्तर आलं नाही, पुन्हा मारली, आणि माझा धीर सुटला. मी नवऱ्याच्या नावाने किंचाळले आणि दार ढकललं. तो माझ्या मागोमाग धावत आला. सासूबाई शॉवरखाली उभ्या होत्या, धडधाकट, डोळ्यांत साबण, अंगावर काही नाही, आणि समोर वाढलेला मुलगा. तो पाठ फिरवून पळाला. मी टॉवेल धरला तर त्यांनी तो माझ्या हातून हिसकावून घेतला.

दिवसभर त्या खोलीतच बसून राहिल्या. संध्याकाळी बाहेर येऊन बसक्या आवाजात त्यांनी मुलाला सांगितलं, मला माझी कडी हवी. त्याने नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, “कडीने नाही मेली माझी बहीण. उठता आलं नाही म्हणून मेली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस तू.” तो कोंडीत सापडला. म्हणाला, ठीक आहे, हातच्या काकणाला आरसा कशाला. आत्ता इथे जमिनीवर बस आणि कुणाचाही, कशाचाही आधार न घेता उठून दाखव, त्या मिनिटाला कडी लावतो.

त्या बसल्या. बसल्या म्हणजे शेवटी धपकन टेकल्याच. मग उठायला गेल्या. एक हात टेकला, दुसरा टेकला, कंबर जराशी वर आली आणि परत खाली गेली. पुन्हा प्रयत्न केला. त्यांची नजर कशाला तरी धरायला शोधत होती, आणि सोफ्याचा पाय सापडला तसा त्यांनी तो घट्ट पकडला. खाली बसलेल्या त्या बाईच्या चेहऱ्यावर मला थोरल्या मावशी दिसल्या. नवऱ्याने काखेत हात घालून त्यांना उभं केलं. जिंकला तो होता, पण कडीचं नाव न काढता आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतःहून आमच्या डॉक्टरांकडे गेल्या, मी सोबत. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, छाती तपासली आणि मग आमच्या जपणुकीची कथा ऐकून कपाळाला हात लावला. चाळिशी उलटली की अंगातले स्नायू थोडे थोडे विरघळायला लागतात, म्हणाले, साठीनंतर जास्त भराभर, आणि ज्यांना आराम देतो त्यांचे सगळ्यात आधी. चालणं चांगलंच, पण नुसतं चालणं तुम्हाला जमिनीवरून उचलणार नाही. त्यासाठी वजन उचलायला हवं. त्याने हाडंही टणक राहतात, तोल सुधारतो, साखर आटोक्यात राहते. सासूबाईंनी विचारलं, या वयात होईल का? ऐंशीच्या माणसालाही होतं, ते म्हणाले, फक्त शिकवणारं माणूस नीट हवं. आणि त्यांनी वाचनालयाच्या तळघरातल्या एका व्यायामवर्गाचा पत्ता दिला.

तळघरात रबराच्या चटया, लोखंडी कांबी, चकत्या, वाळूच्या पिशव्या आणि बरीच पांढरी डोकी होती. शिकवणारी बाई ठेंगणी, बॉयकट केलेली, तरुणपणी वजन उचलण्याच्या स्पर्धा खेळलेली. सगळे तिला पैलवानबाई म्हणत. ती नव्या माणसाला आधी विचारायची, तुम्हाला काय हवंय? कुणी म्हणे गुडघे, कुणी म्हणे साखर. सासूबाई म्हणाल्या, मला बाथरूमची कडी हवी. पैलवानबाई हसली नाही. तिने सगळी हकिकत ऐकून घेतली आणि एक खुर्ची पुढे ओढली.

मी बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसायची. फोनमध्ये रुग्णवाहिकेचा नंबर काढून ठेवलेला. सासूबाई खुर्चीत बसायच्या आणि हात न टेकता उठायच्या, एवढंच. मग खुर्ची ठेंगणी झाली. मग छातीशी वाळूची पिशवी आली, मग एक दिवस हातात लोखंडी कांब. त्या गुडघ्यांत वाकायच्या, पाठ ताठ, आणि कांब जमिनीवरून वर यायची. तेवढ्या वेळात माझ्या डोळ्यांसमोर आमच्या ऑफिसातले यच्चयावत दावे तरळून जायचे. आता कंबर लचकणार, आता ही बाई मोडणार. काही मोडलं नाही, तरी दर वेळी माझा जीव टांगणीला असायचाच.

खरी धडकी भरली ती जमिनीच्या दिवशी. पैलवानबाईने चटईवर आडवं व्हायला सांगितलं. सासूबाई झोपल्या आणि थरथर कापायला लागल्या. दात वाजत होते. “ताई अशीच पडली होती,” त्या छताकडे बघत म्हणाल्या, “मला उठवा.” मी बाकावरून उठले होते. पैलवानबाईने मला हातानेच थांबवलं आणि ती स्वतः त्यांच्या शेजारी आडवी झाली. म्हणाली, “घाई नाही. जमीन कुठे पळून जात नाही. आधी कुशीवर वळा.”

मग तिने वाट दाखवली. कुशीवर वळायचं, कोपर टेकायचं, रांगायच्या बेताने यायचं, एक पाऊल पुढे रोवायचं, त्या गुडघ्यावर हात ठेवायचा आणि त्या पायाच्या जोरावर वर यायचं. त्या दिवशी सासूबाई रांगण्यापर्यंत पोचल्या आणि तिथेच रडल्या. घरी येताना मला म्हणाल्या, ताईला ही वाट माहीत असती तरी तिच्या पायात जोर कुठे होता. मला मनातून वाटत होतं, त्यांनी हा नाद सोडावा.

गुडघा सुजला तेव्हा तर मी जवळजवळ खूश झाले. नवऱ्याने ‘मी म्हणालो होतो’ हे वाक्य किती सुरांत म्हणता येतं ते दाखवून दिलं. पैलवानबाईने त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, वजन कमी केलं, वाकणं बदललं, पण थांबवलं मात्र नाही. दुखलं की कमी करायचं, बंद नाही करायचं, असा तिचा कायदा. सूज उतरली. सासूबाई लंगडतच पुन्हा तळघराचा जिना उतरल्या आणि मी पर्स घेऊन मागे.

फरक कधी पडला ते मला सांगता येणार नाही. एक दिवस लक्षात आलं की बरणीची झाकणं माझ्याकडे येणं बंद झालंय. जिन्यात मी थांबत होते आणि त्या पुढे होत्या. त्यांना गाढ झोप लागायला लागली. आणि एका दुपारी दुकानाच्या मालकाचा मला ऑफिसात फोन आला. वहिनी, लवकर या, बाईंना आवरा, तागे उचलायला लागल्यात, तुमच्या घरच्यांना मी शब्द दिलाय. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून धावले. माडीवर पोचले तेव्हा सासूबाई लाल मखमलीचा तागा जमिनीवरून टेबलावर ठेवत होत्या. गुडघ्यात वाकल्या, तागा अंगाजवळ घेतला, श्वास सोडत उभ्या राहिल्या. मालक कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभा होता. मला धापा टाकताना बघून त्या म्हणाल्या, एवढं काय झालं, बस, पाणी पी.

त्याच संध्याकाळी त्यांनी मुलाला बोलावलं आणि हॉलच्या मधोमध, सोफ्यापासून लांब, जमिनीवर बसल्या. धपकन नाही, हळूच. मग आडव्या झाल्या. कुशीवर वळल्या, कोपर, रांगणं, एक पाऊल पुढे, आणि उभ्या. नवरा म्हणाला, परत. त्या परत आडव्या झाल्या आणि परत उठल्या.

तो आत गेला. कपाटाच्या खणातून बाथरूमची कडी घेऊन आला. स्क्रूसकट कागदात बांधून ठेवली होती त्याने. लावताना स्क्रू काही केल्या जुन्या भोकात जाईना. शेवटी सासूबाईंनीच त्याच्या हातातून घेतला आणि दोन वळसे देऊन बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आत गेल्या आणि कडी खटकन लागली. बोलण्याची सक्ती उठली होती, म्हणून त्या बोलल्या नाहीत. खुर्ची मात्र मी हलवली नव्हती. नवरा नाही बघून मी तिच्यावर बसायची आणि शॉवरचं पाणी ऐकायची. आधी निदान त्यांची बडबड तरी होती. आता नुसतं पाणी आणि बंद दार. मी आयुष्यात एवढी कधी घाबरले नव्हते.

आणि एका सकाळी आत धप्प झालं.

साबणाचा डबा खाली गडगडल्याचा आवाज आला, मग पाणी तसंच चालू राहिलं. मी उठले, दार ढकललं, कडीने दाद दिली नाही. हाक मारली तर माझा आवाज मलाच ओळखू येईना. नवरा कामाला निघून गेला होता, सुताराचा नंबर मला आठवेना. मला फक्त तुटलेली नखं आठवत होती. मी दाराला कान लावला. आत कुणीतरी जोरजोरात श्वास घेत होतं. मग शब्द आले, तुटक, पण स्वच्छ.

“वाजवू नकोस दार. उठतेय मी.”

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते विचारू नका. ओल्या फरशीवर तळहात टेकल्याचा आवाज. सरकणं. एक कण्हणं. पाऊल. आणि मग शॉवर बंद झाला. त्या नेहमीसारख्या अंग पुसून, गाऊन घालून बाहेर आल्या. कोपर सोलवटलं होतं, गुडघ्यावर लाल डाग होता, चेहरा पांढराफटक. माझ्या दंडाला त्यांनी धरलं. आधारासाठी की मला आधार द्यायला, सांगता येणार नाही. मी रडायला लागले तर म्हणाल्या, त्याला सांगू नकोस, पुन्हा कडी काढेल. मग स्वतःच जराशा रडल्या. “घाबरले गं,” म्हणाल्या, “पण पाय माझेच होते.”

मी त्यांच्या गुडघ्याला औषध लावलं. त्या दुकानात जायला साडी नेसायला आत गेल्या. मी फरशी पुसायला म्हणून बाथरूममध्ये शिरले. पुसून झाली. एवढ्याशा जागेत, धरायला काही नसताना, त्या उठल्या कशा, हे मला बघायचं होतं. कुणी बघून हसू नये म्हणून मी कडी लावली आणि त्या जिथे पडल्या होत्या तिथे खाली बसले.

उठायला गेले तर उठता येईना. आधी मला गंमत वाटली. हात टेकला, तो गुळगुळीत फरशीवर सरकला. गुडघ्यात कळ आली आणि मांडीने ऐकलंच नाही. पुन्हा जोर लावला, कंबर जरा वर आली आणि धपकन खाली गेली. माझी पन्नाशीही अजून यायची आहे. दिवसभर खुर्ची, तिच्यावरून उठून सोफा. सासूबाईंबरोबर तळघरात गेले तेही बाकावर बसायला. इतके दिवस मी दुसऱ्या बाईच्या पायांची भीती वाहत होते आणि माझे पाय मला आज पहिल्यांदा भेटत होते. माझं एकही हाड मोडलेलं नव्हतं. मला घाम फुटला. हाक मारायची लाज वाटली, आणि आता या क्षणी थोरल्या मावशींनाही आधी लाजच वाटली असणार, हे कळून मी जागच्या जागी गार झाले.

बाहेर खुर्ची करकरली. कुणीतरी तिच्यावर बसलं होतं.

“सूनबाई,” सासूबाईंनी विचारलं, “खाली बसलीस का?”

मी हो म्हणाले. त्या हसल्या नाहीत. दारही वाजवलं नाही.

“आधी कुशीवर वळ,” त्या म्हणाल्या. “आणि बोलत राहा. मी इथेच आहे.”

मी कुशीवर वळले.